आप्पांच्या तारेवरचे चौघे

इकडे या, असे जवळ बसा. उंबऱ्याबाहेरूनच "काय आक्का, बरं आहे नव्हं?" म्हणायचं आणि चपला न काढता पुढे निघायचं, ही कसली नवी पद्धत काढलीत तुम्ही लोकांनी? आमच्या बेळगावच्या वडगावात असं चालत नव्हतं. आणि तो फोन जरा पालथा ठेवा. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं सगळं पुड्यांचे कागद वाचून शिकले, म्हणून या अंकात मी बोलते तशीच लिहिते. मधे कुठे घसरले तर सांभाळून घ्या. आज आमच्या शेजारच्या फिटर आप्पांबद्दल सांगायचं आहे. सांगता सांगता माझी मान खाली जाणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी शेवटाला येऊन का अडखळली.

आप्पांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला कायम एक रेशमी धागा लोंबत असायचा. चांगला वीतभर. नवीन माणूस हमखास सांगायचा, "आप्पा, सूत निघालंय." आप्पा म्हणायचे, "निघाल्यालं न्हाय बाबा, ठिवल्यालं हाय." वारा कुठला आणि किती, ते त्यांना त्या धाग्यावरून कळायचं. भर बाजारात, भाजीच्या पाट्यांमधे उभे राहून ते छातीकडे बघत बसायचे. मागून रिक्षावाला ओरडायचा, "ओ आजोबा, जावा की पुढं!" आप्पा शांतपणे म्हणायचे, "जातो रं. पश्चिमेचा सुटलाय, जरा बघू दे."

चाळीस वर्षं त्यांनी वडगाव-शहापूरचे यंत्रमाग दुरुस्त केले. कुणाचा धोटा अडकू दे, कुणाची पट्टी तुटू दे, आप्पा पाना घेऊन हजर. माग बंद पडला की घरातली चूल मंदावते हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे जेवत्या ताटावरून उठून आलेले मी पाहिलेत. हात पुसायला मात्र विसरायचे. सासूबाई म्हणायच्या, "फिटर आला की आमटीचा वास येतो, मग माग चालू होतो."

आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात ते विमानं करायचे. खरीखुरी उडणारी. हातात रिमोट, आभाळात विमान. बांबूच्या कामट्या, थर्माकोल, हलकं लाकूड, आणि पोटात काड्यापेटीएवढ्या दोन मोटरी. रिमोटची दांडी इकडे हलवली की ती मोटर तिकडे शेपटीचं पातं तेवढंच हलवते. तिला सर्व्हो म्हणतात. आप्पा 'सरवू' म्हणायचे, तेच मला गोड वाटायचं. बायको गेल्यावर त्यांच्या घरात दुसरा आवाजच उरला नव्हता, तर त्या सरवूंची किर्रकिर्र भिंतीपलीकडून आमच्या घरात यायची. ती आली की मी म्हणायची, चला, आप्पा जेवले वाटतं.

आप्पांचं एक विचारणं सगळ्या वस्तूंना सारखंच असायचं. "हेचं पोट किती व्होल्टाचं?" नवा मिक्सर आणला, नातवाचं खेळणं आणलं, देवापुढची विजेची समई आणली, आप्पांचा प्रश्न ठरलेला. लग्नात पंगतीला कुणी कुणाला आग्रहानं पाचवी पुरणपोळी वाढायला लागलं की हे मधे पडायचे, "थांब गं, तेच्या पोटाचा तरी अंदाज घे! जळंल की ते." पंगत हसायची. ते हसायचे नाहीत. मनापासून बोललेले असायचे.

त्या सरवूचं पोट पाच-साडेपाच व्होल्टाचं. आणि हल्लीची हलकी बॅटरी भरली की देते आठाच्याही वर. जड बॅटरी लावली तर विमान उडत नाही, हलकी लावली तर सरवू जळतो. म्हणून आप्पा बॅटरी आणि सरवूच्या मधे तारेवर चार डायोड बसवायचे, एकापुढे एक. मला समजावून सांगितलं होतं. "आक्का, ही चौघं म्हंजे वाटंवरचं नाकेवाले. येणाऱ्या विजंकडनं येकेक जण पाऊण पाऊण व्होल्ट काढून घेतो. चौघांस्नी ओलांडून ती सरवूच्या दारात येती तवा कशी गरीब होऊन येती बघ." बाजारात याच कामाचा तयार तुकडा मिळतो म्हणे. एकदा त्यांनी तो आणलाही होता, तो ऐन वेळी गेला. तेव्हापासून चौघंच. "गरम हुत्यात, पर दगा देत न्हायीत."

ही 'चौघं' मी वर्षानुवर्षं ऐकत आले. पण डोळ्यांनी कधी पाहिली नाहीत. विमानाचं पोट आप्पा स्वतः बंद करायचे. माझ्या मनात चौघं म्हणजे कसलीतरी चार डब्यांची पेटी होती. पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

आप्पांची अजून एक खोड. तारेचा तुकडा कधी टाकायचे नाहीत. बोटाएवढा तुकडा असला तरी डबीत. आणि मग तुकड्याला तुकडा डागून लांब तार करायची. त्यांच्या घरातल्या दिव्याच्या तारेला मी एकदा नऊ सांधे मोजले होते. "आप्पा, नवी आणा की हो." "का? विजेला काय पाय दुखत्यात व्हय ह्येच्यावरनं चालताना?"

माझा या विमानांशी संबंध कापडाचा. पंखांवर आणि पाठीवर पातळ रेशीम ताणून चिकटवायचं, पाणी मारायचं, वाळलं की ते ढोलासारखं ताठ होतं, मग वर लॅकर. साड्यांचं उरलेलं पातळ कापड आमच्या घरात असायचंच. आप्पांच्या हातून कापडाला सुरकुती पडायची. एकदा मी न राहवून म्हटलं, "द्या इकडं." तेव्हापासून अकरा-बारा विमानांची कापडं माझ्या हातची. एका विमानावर तर माझ्या भाचीच्या लग्नातल्या साडीचे मोर होते. आमचे हे म्हणायचे, "फिटर उडवतोय विमान आणि उडतीय ही."

आता नंदाचं सांगते. नंदा आप्पांची एकुलती एक मुलगी, गुंजीला दिलेली, तिथेच शाळेत शिकवते. जीव लावणारी पोर. आप्पांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग एकदा तारा डागायच्या कावीनं, म्हणजे सोल्डरिंगच्या लोखंडानं, बोट भाजलं, मग एकदा शेगडीवर दूध करपून घरभर धूर. नंदा येऊन बसली. "आप्पा, आता चला गुंजीला. ह्या वयात ती गरम कावी हातात नको. तुमचा हात कापतोय." आप्पा म्हणाले, "हात न्हाय कापत. तू बघतीस म्हणून कापतोय." दोघांचं दोन दिवस चाललं. शेवटी आप्पांनीच तोडगा काढला. मी तिथेच होते, चहा घेऊन गेले होते.

"नंदा, एक नवं विमान बांधतो. पुढं पंख्याची मोटर न्हाई, नुसतं वाऱ्यावरचं. येळ्ळूरच्या गडाच्या उतारावरनं सोडतो. तीन फेऱ्या मारून माझ्या पायाशी आलं, तर मी हितंच राहणार, माझ्या टेबलापाशी. माझ्या हातच्या कामानं पडलं, तर गुमान तुझ्या मागनं गाडीत बसतो. पुन्ना कावी हातात धरत न्हाय."

नंदा म्हणाली, "शब्द?"

"शब्द."

दोन महिने त्यांनी ते विमान बांधलं. असलं देखणं की काय सांगू. पाठीचं कापड तेवढं राहिलं, आणि त्यांना जमिनीच्या कागदासाठी खानापूरला जावं लागलं. दोन दिवस गुंजीला राहून येणार होते. जाताना विमान माझ्या हवाली केलं. "आक्का, पाठ तेवढी झाक. आलो की उतारावर." आत हात घालू नको, असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरज वाटली नसेल.

मी कापड ताणलं. एरवी पोटात बंद असायची ती तार या वेळी पाठीला लागूनच नेलेली, आणि मधोमध बोटाला गुठळी लागली. तुम्ही विणकराच्या घरातले असाल तर तुम्हाला सांगायला नको. सात वर्षांची असल्यापासून ताण्यावरून हात फिरवायचा आणि गुठळी लागली की काढायची, हेच शिकलेले माझे हात. गुठळी राहिली तर धागा तुटतो, साडीला डाग येतो, आणि गावभर नाव होतं. झोपेतही माझी बोटं गोधडीतल्या गुठळ्या शोधतात. मी कापड उचलून पाहिलं. एका तारेवर काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला सुपारीएवढा गोळा. वरून चाचपला, तर आत चार टणक दाणे.

मला वाटलं, आप्पांनी नेहमीसारखे चार तुकडे डागलेत. इतकं देखणं विमान आणि पाठीवर आवाळू! माझ्याकडे शिलाई यंत्राची चांगली तार पडलेली होतीच. पण तेवढीही लागली नाही. सुताच्या कात्रीनं तो गोळा कापून काढला, तारेची दोन्ही टोकं दातानं सोलली, आणि जुन्या ताण्याला नवा ताणा सांधतात तशी अंगठ्यानं पीळ देऊन सांधली. वर पट्टी. बोट फिरवलं, लोण्यासारखं. बॅटरी लावून रिमोट हलवून बघितला तर शेपूट सटासट हलली, पहिल्यापेक्षा चपळ. मला काय अभिमान वाटला म्हणता! कापड चिकटवलं, पाणी मारलं, आणि तो गोळा आप्पांना परत द्यावा म्हणून माझ्या सुताच्या कांड्यांच्या पेटीत टाकला. टाकला आणि विसरले.

आप्पा आले. पाठीवरून तळहात फिरवला. "आक्का, कसलं गुळगुळीत केलीस गं! आईच्यान, कंपनीचं वाटतंय." हे वाक्य मला अजून जेवताना आठवतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं उतारावर. आप्पा आणि नंदा वर, मी खाली. विमान चुकून खाली आलं तर कुठे पडलं हे बघायला आप्पा नेहमी एकाला खाली उभं करायचे. वरून त्यांचा आवाज ऐकू आला, "आज शेपूट लई चपळ हाय गं!" मग आपणच उत्तर दिलं, "बॅटरी ताजी हाय म्हणून." आणि सोडलं.

पहिली फेरी अशी घेतली की मी पदर तोंडावर धरून उभी राहिले. ऊन त्या रेशमातून आरपार येत होतं. नंदानं टाळ्या वाजवल्या हो! जिला आप्पांना घेऊन जायचं होतं तीच पोर टाळ्या वाजवत होती. दुसरी फेरी झाली. तिसरीच्या वळणावर शेपूट एका अंगाला वळली ती वळलेलीच राहिली. विमान गरगरत माझ्या समोरच्या नाचण्याच्या शेतात पडलं.

मी आधी पोचले. पोट फुटलेलं, जळका वास येत होता. फाटलेल्या पाठीतून माझाच सांधा वर आलेला. अजून मला काही कळलेलं नव्हतं. आप्पा धापा टाकत आले, गुडघ्यावर बसले, सरवूला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं काढलं. मग आत चाचपलं, मागे, पुढे. मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आक्का, माझी चौघं कुठं गेली?"

त्या क्षणाला मला कळलं. चार टणक दाणे. माझ्या पेटीत.  नंदा उतारावरून उतरत होती. आप्पांनी तार हातात घ्यायच्या आत मी ती गोळा करायच्या निमित्तानं ओढली आणि तुटलेला तुकडा सांध्यासकट मुठीत धरून पदरात घेतला. आणि तोंडानं म्हणाले, "मला काय म्हाईत आप्पा. पडली असतील कुठंतरी."

नंदा जवळ पोचली. आप्पा तिला म्हणाले, "माझाच टाका सुटला गं. चौघं गळून पडली, तार तारंला टेकली, सरवू जळला. माझ्या हातचंच काम." आणि उठताना त्यांनी नंदाचा हात धरला. याआधी मी त्यांना कुणाचा हात धरून उठताना पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ते गुंजीला गेले. टेबल भंगारवाल्यानं नेलं. कावी त्यांनी स्वतः वायर गुंडाळून एका माग-दुरुस्तीवाल्याला देऊन टाकली. घर भाड्यानं दिलं. मी त्यांच्या पिशवीत चिवड्याचा डबा ठेवला. चिवडा! सांगायचं होतं एक आणि ठेवला चिवडा. गाडी निघताना म्हणाले, "आक्का, तुझी कापडं लई झ्याक हुती. माझ्याच हातानं घात केला." मी मान हलवली. माणूस मान हलवूनसुद्धा खोटं बोलू शकतं, हे मी त्या दिवशी केलं.

दोन वर्षं गेली. रोज सकाळी कांड्यांची पेटी उघडायची आणि तो गोळा तिथे. टाकवला नाही, आणि कुणाला दाखवलाही नाही. मनाला समजवायची, बरंच झालं, मुलीजवळ आहेत, वेळेवर जेवण आहे. हे सगळं खरं होतं म्हणूनच त्याच्या आड लपायला सोपं गेलं. शेवटी एकदा गुडघे धरले, चार दिवस अंथरुणावर पडले, आणि मनात आलं की मी अशीच गेले तर ही पेटी सून भंगारात घालेल आणि आप्पा तिकडे मरेपर्यंत स्वतःच्या हातांना दोष देत बसतील. उठता यायला लागलं तशी बेळगावहून गाडी धरली आणि गुंजीला उतरले.

आप्पा दारातल्या सोप्यावर बसले होते. मला बघून केवढे हरखले. "आक्का! आलीस व्हय! वडगावात वारं कसं हाय?" शर्टाच्या बटणाला काही नव्हतं. नंदानं चहा आणला, मला कपभर आणि त्यांना अर्धा पेला. "सांडतात," ती हळूच म्हणाली. मी त्यांचे हात बघत राहिले. पेला ते दोन्ही हातांनी धरत होते, लहान मूल धरतं तसा. हात कापत नव्हते. नुसते घाबरलेले होते.

दाराची कडी लोंबत होती. मी सहज म्हटलं, "आप्पा, येवढा एक स्क्रू पिळायचा की." ते म्हणाले, "न्हाय गं. जावई येतील, पिळतील. माझ्या हाताचा आता भरवसा न्हाय."

नंदा आत गेली तेव्हा मी पिशवीतून गोळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. सांगितलं सगळं. गुठळी, कात्री, सांधा, पदर. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर पुन्हा थांबलेच असते.

आप्पांनी नखानं पट्टी सोडवली. चौघं बाहेर आली. काळी, चंदेरी कड्याची, चवळीच्या दाण्याएवढी. ते प्रत्येक टाका डोळ्याजवळ नेऊन बघत होते. हलवून बघत होते. पहिला, दुसरा, तिसरा. मग चौथा.

"टाका सुटल्याला न्हाय," ते म्हणाले. मला नव्हे, स्वतःला. "एक बी सुटल्याला न्हाय. मला तवाच वाटलं हुतं, चौघं गळली तर वीज बंद पडाय पायजे, सरवू जळंल कसा? पर म्हटलं, आपलंच डोकं चालत नसंल."

"आप्पा, माझं चुकलं. मला ठाऊक नव्हतं हो ती चौघं अशी दिसतात."

"विमान पाडलीस तेचं मला काय न्हाय, आक्का. तू गुठळी बघून गप बसणारी न्हवंसच. मी सांगून जायाला पायजे हुतं. त्यो दोष निम्मा माझा." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पर त्या शेतात मी तुझ्या तोंडाकडं बघून इचारलं हुतं. दुसऱ्या कुणाला न्हाय, तुला. का, तर तू खोटं बोलत न्हाईस, म्हणून."

 त्यांनी चौघं खिशात घातली आणि उठून आत गेले. भिंतीला हात न लावता गेले, एवढं मी बघितलं. तेवढ्यात नंदा बाहेर आली. "काय झालं हो आक्का? आप्पा असे का गेले?" आणि मी काय म्हणाले असेन? "काही नाही गं. गाडीची वेळ झाली माझ्या."

दुसऱ्यांदा! शेतात आप्पांना खोटं सांगितलं, सोप्यावर त्यांच्या मुलीला. अशी ही तुमची आक्का, जिला तुम्ही सगळे सरळ बाई म्हणता.

म्हणून हे लिहायला बसले. नंदा, तुझ्या शाळेत हा अंक येतो, तू वाचतेस, हे मला माहीत आहे. तुझ्या वडिलांच्या हातानं त्या दिवशी काही चुकलं नव्हतं. पैज ते हरले नव्हते. त्यांना तू नेलंस ते मायेनंच नेलंस, त्यात तुझं काही वाईट नाही, तुला खोट्यावर विसंबून न्यायला मी लावलं. आता त्यांना कुठे ठेवायचं ते तुम्ही दोघं बोलून ठरवा. त्यांच्या पेल्यात चहा पूर्ण ओतत जा, एवढंच माझं मागणं.

आणि ये गं एकदा. सुट्टी लागली की लगेच ये, पुढच्या सणावर ढकलू नको. आप्पांना घेऊन ये. माझ्या दारात यायला ते नको म्हणाले तर गाडी वळणावर उभी कर आणि मला हाक मार. गुडघे दुखतात माझे, पण तेवढं चालत येईन. खिडकीपाशी उभी राहीन, त्यांना बोलायचं असेल ते बोलू देत, नसेल बोलायचं तर नको. पण ये. लवकर ये.